फीची पावती उशिरा सापडली तर?

वाचकांचे करविषयक प्रश्न : नोव्हेंबर २०२५

यंदा वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत आणि शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस पुढे गेली, तरीही पावत्या राहून जायच्या त्या राहिल्याच. दिवाळीच्या साफसफाईत कपाटे रिकामी झाल्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मुलांच्या कॉलेज फीविषयीची आहेत. त्यांतले पहिले पत्र थोडे सविस्तर घेतो, कारण विचारलेल्या प्रश्नापेक्षा त्यात सहज लिहून गेलेले एक वाक्य अधिक मोलाचे आहे.

प्रश्न : मी एका कनिष्ठ महाविद्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र मी जुन्या करप्रणालीने मुदतीत भरले. माझे एकूण वेतन ९,२०,००० रुपये असून घरकर्जाचे व्याज २,००,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी ३६,०००, घरकर्जाची मुद्दल ४२,००० आणि विम्याचा हप्ता १८,००० मिळून कलम ८०सीखाली ९६,००० रुपये दाखवले होते. कर २७,८७० रुपये झाला आणि तो वेतनातून आधीच कापला गेला असल्याने परतावा शून्य आला. आता मुलाच्या अभियांत्रिकी कॉलेजची ८६,३०० रुपयांची पावती सापडली आहे. जानेवारीत कार्यालयात पुरावे देताना ती द्यायची राहिली होती. ही रक्कम आता दाखवता येईल का? धाकट्याच्या सीईटी क्लासची फीही त्यात धरता येईल का? विट्याला भावाकडे असलेल्या माझ्या आईच्या आरोग्यविम्याचा १९,४०० रुपयांचा हप्ताही माझ्याच खात्यातून जातो, पण त्याचा येथे काही संबंध नसावा. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : पावती कार्यालयात दिली नाही म्हणून वजावटीचा हक्क बुडत नाही. कार्यालय वेतनातून किती कर कापायचा एवढेच ठरवते. अंतिम हिशेब विवरणपत्रात होतो आणि तो चुकला असेल, तर आयकर कायद्याच्या कलम १३९ (५) खाली सुधारित विवरणपत्र भरता येते. आपल्या वर्षासाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ आहे. त्याआधी करनिर्धारण पूर्ण झाले, तर मात्र ती मुदत तेथेच संपते. मूळ विवरणपत्राची छाननी होऊन कलम १४३ (१) खालची सूचना ई-मेलवर आली असेल, तरी घाबरण्याचे कारण नाही. ती सूचना म्हणजे करनिर्धारण नव्हे, त्यामुळे ती आल्यानंतरही सुधारणा करता येते.

आता पावतीकडे वळू. आपण तिची छायाप्रत पाठवली हे बरे केले. त्यात शिक्षण शुल्क ६२,०००, विकास शुल्क ९,३००, परीक्षा शुल्क ४,०००, ग्रंथालय अनामत ५,००० आणि जिमखाना व इतर ६,००० अशा रकमा आहेत. कलम ८०सीखाली मिळते ती फक्त शिक्षण शुल्काची वजावट, आणि तीही भारतातील शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ किंवा शिक्षणसंस्थेतील पूर्णवेळ शिक्षणासाठी, जास्तीत जास्त दोन मुलांपुरती. विकास शुल्क आणि देणगी यांना कायद्यानेच वगळले आहे, आणि परत मिळणारी अनामत तर खर्चच नव्हे. म्हणजे ८६,३०० पैकी विचारात घ्यायचे ते ६२,००० रुपयेच. सीईटीचा क्लास पूर्णवेळ शिक्षणात बसत नाही, मग त्याची फी कॉलेजच्या फीपेक्षा जास्त का असेना. (ज्या वाचकांच्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा अन्य सवलत मिळते, त्यांनी स्वतःच्या खिशातून गेलेली रक्कमच धरावी; सरकारने भरलेल्या फीवर पालकांना वजावट मिळत नाही.)

या ६२,००० रुपयांनाही पूर्ण जागा नाही. कलम ८०सीची मर्यादा सगळ्या बाबी मिळून १,५०,००० रुपयांची आहे आणि आपण ९६,००० आधीच दाखवले आहेत, त्यामुळे उरते ती ५४,००० रुपयांची जागा. विकास शुल्क चालते की नाही यावर पतीपत्नीत झालेला जो वाद आपण पत्रात लिहिला आहे, तो आपल्या बाबतीत निरर्थक आहे, कारण शिक्षण शुल्कातलेच ८,००० रुपये वाया जात आहेत. दरवर्षी माझ्याकडे अशी चार-दोन पत्रे तरी येतात, ज्यांत निधी आणि विमा यांनीच दीड लाख भरलेले असतात आणि सापडलेल्या पावतीने कराच्या आकड्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. अशांनी सुधारित विवरणपत्राच्या वाटेला न जाणेच बरे.

आपल्याला मात्र फरक पडतो. वेतनातून ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, २,५०० रुपयांचा व्यवसायकर आणि घरकर्जाचे व्याज वजा केल्यावर ६,६७,५०० रुपये राहतात. ९६,००० वजा जाता मूळ विवरणपत्रातील करपात्र उत्पन्न ५,७१,५०० आले आणि उपकरासह कर २७,८७२ झाला. आता पूर्ण दीड लाख वजा केले की उत्पन्न ५,१७,५०० वर येते आणि कर १६,६४० होतो. एकट्या पावतीने ११,२३२ रुपये परत मिळतील.

आणि आता तो विट्याच्या हप्त्याचा मुद्दा, ज्याचा संबंध नसावा असे आपल्याला वाटले. आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता कलम ८०डीखाली येतो, त्याची मर्यादा दीड लाखाच्या बाहेरची आहे, आणि आई भावाकडे राहते म्हणून काही बिघडत नाही. आपण तो हप्ता रोखीने न भरता खात्यातून भरला, एवढे पुरेसे आहे. (सासूबाईंचा हप्ता असता, तर तो मिळाला नसता. ‘आईवडील’ म्हणजे स्वतःचे आईवडील, सासरचे नव्हेत.) ५,१७,५०० मधून १९,४०० वजा केले की उत्पन्न ४,९८,१०० होते. जुन्या प्रणालीत ५,००,००० पर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७एची १२,५०० रुपयांपर्यंतची सूट असल्याने आपला कर शून्यावर येतो आणि कापलेले सर्वच्या सर्व २७,८७० रुपये परत मिळण्यास आपण पात्र ठरता. फीची पावती सापडली नसती, तर या हप्त्याने जेमतेम चार हजार वाचले असते; दोन्ही एकत्र आल्याने पाच लाखांची रेषा ओलांडून आपण अलीकडे आलात.

पण या रेषेच्या अलीकडे आपण अवघ्या १,९०० रुपयांनी आहात, आणि आपल्या पत्रात बँकेच्या व्याजाचा कुठेही उल्लेख नाही. सांगलीत ज्याची एखाद्या पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत ठेव नाही, असे घर मला अद्याप भेटायचे आहे. बचत खात्याचे व्याज उत्पन्नात दाखवावे लागते, मात्र बँकेतील बचत खात्याच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाची कलम ८०टीटीएखाली पुन्हा वजावट मिळते, त्यामुळे त्याची फारशी चिंता नको. मुदत ठेवीच्या व्याजाला ही वजावट नाही. समजा, ठेवीचे ६,००० रुपये व्याज दाखवायचे राहिले असेल, तर उत्पन्न ५,०४,१०० होते, सूट संपूर्ण जाते आणि कर १३,८५० च्या घरात पोहोचतो. सहा हजारांच्या व्याजापायी चौदा हजारांचा कर हे विचित्र वाटते खरे, पण जुन्या प्रणालीत या रेषेवर उतार नाही, सरळ कडा आहे. म्हणून सुधारित विवरणपत्राला हात लावण्यापूर्वी आयकर पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून पाहावे. पतसंस्थेचे व्याज तेथे दिसले नाही, तरी ते करपात्र असतेच. पासबुक भरून आणावे. उत्पन्न रेषेच्या थोडेसे वर जात असेल, तर त्या वर्षात आपण किंवा पतीने प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणी केली होती का, ते आठवून पाहावे. तिचा ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च कलम ८०डीमध्ये बसतो आणि तो रोखीने केला असला तरी चालतो.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. पोर्टलवर आकारणी वर्ष २०२५-२६ निवडून कलम १३९ (५) खालचे सुधारित विवरणपत्र निवडावे आणि मूळ विवरणपत्राच्या पोचपावतीवरील पंधरा अंकी क्रमांक व तारीख भरावी. येथे एक गैरसमज नेहमी होतो. सुधारित विवरणपत्र ही मूळ विवरणपत्राला जोडलेली पुरवणी नसते. ते मूळ विवरणपत्राची जागा घेते. त्यामुळे फक्त फीचा आकडा न भरता वेतन, घरकर्ज, निधी, विमा, व्याज असे सगळे आकडे पुन्हा भरायचे असतात. करप्रणालीही मूळ विवरणपत्रातली, म्हणजे जुनीच ठेवावी. या वर्षीच्या नमुन्यात कलम ८०सीच्या प्रत्येक रकमेसमोर पॉलिसीचा किंवा कागदपत्राचा क्रमांक मागितला आहे; फीसाठी पावतीचा क्रमांक घालावा. शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी करावी, कारण ती राहिली तर सुधारित विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. या सुधारणेसाठी शुल्क किंवा दंड नाही.

पावती विवरणपत्राला जोडायची नसते, परंतु विचारणा झाली तर दाखवावी लागते. आपल्या छायाप्रतीवर शाई इतकी फिकट आहे की ‘शिक्षण शुल्क’ हे शब्द मला भिंगातून वाचावे लागले. कॉलेजच्या कार्यालयातून शिक्का मारलेली दुसरी प्रत आणि फी आपल्याच खात्यातून गेल्याचा बँकेचा उतारा दोन्ही एकत्र ठेवावेत. परताव्यावर १ एप्रिल २०२५ पासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, आणि ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचे असते, हे बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्ट २०२३ मध्ये एफ-१ व्हिसावर अमेरिकेत एम.एस.साठी गेला. विद्यापीठातील अर्धवेळ कामाच्या पगारावर त्याने २०२४ सालचे अमेरिकेतील विवरणपत्र १०४०-एनआर या नमुन्यात भरले. त्यानंतर त्याला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फीचा १०९८-टी हा फॉर्म दिसला, जो विवरणपत्रात घेतलेला नाही. त्याचा तेथील मित्र म्हणतो की विवरणपत्र दुरुस्त केले तर दोन हजार डॉलर मिळतात. तसे करावे का? मी निवृत्त आहे. त्याच्या फीसाठी गेल्या वर्षी मी बचतीतून दोन हप्त्यांत साडेनऊ लाख रुपये पाठवले, त्या वेळी बँकेने वर साडेबारा हजार घेतले होते. (एक वाचक, सातारा)

उत्तर : करू नये. १०९८-टी हे विद्यापीठाने दिलेले फीचे विवरण असते. त्यात विद्यार्थ्याच्या नावावर किती फी जमा झाली आणि किती शिष्यवृत्ती मिळाली, हे असते. त्याची एक प्रत अमेरिकेच्या कर विभागाकडेही जाते, म्हणून तो राहिला की माणूस धास्तावतो. पण हा फॉर्म मिळाला म्हणजे करसवलत मिळाली, असे नाही. मित्र ज्या दोन हजारांविषयी बोलत आहे, ती बहुधा ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ ही सवलत असावी. तिच्यात १०,००० डॉलरपर्यंतच्या शैक्षणिक खर्चाच्या २० टक्के, म्हणजे कमाल २,००० डॉलर करातून कमी होतात. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठीची ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी’ ही दुसरी सवलत २,५०० डॉलरपर्यंतची आहे. या दोन्ही सवलती ८८६३ क्रमांकाचा फॉर्म जोडून मागायच्या असतात आणि दोन्ही तेथील करनिवासींसाठी आहेत.

एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे तेथे अनिवासी धरला जातो, आणि येथे वर्ष अर्धेच राहिला तरी ते पूर्ण मोजतात. आपल्या मुलाची ही वर्षे २०२३ पासून सुरू होऊन २०२७ अखेर संपतील. तोपर्यंत १०४०-एनआर हाच त्याचा योग्य नमुना आहे आणि त्यात या सवलतींना जागा नाही. (निवासी किंवा नागरिक जोडीदाराशी विवाह करून एकत्रित विवरणपत्राचा पर्याय घेतल्यास गोष्ट बदलते, आपल्या पत्रावरून तसे दिसत नाही.) मित्र तेथील नागरिक असेल किंवा नोकरीचा व्हिसा घेऊन निवासी झाला असेल, तर त्याचे म्हणणे त्याच्यापुरते बरोबर आहे.

उलट प्रकार अधिक घडतो आणि तो अधिक त्रासदायक असतो. मुले घाईत निवासींसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये १०४० हा नमुना भरतात, ते सॉफ्टवेअर १०९८-टी मागते, मुले तो भरतात आणि हक्क नसलेली सवलत खात्यात जमा होते. असे झाले असेल, तर मात्र १०४०-एक्स या नमुन्यासोबत योग्य ते १०४०-एनआर जोडून दुरुस्ती करावी आणि मिळालेले पैसे परत करावेत, कारण पुढे व्हिसा किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी जुनी विवरणपत्रे पाहिली जाऊ शकतात. मुलाच्या फॉर्मवर पाचव्या चौकटीतील शिष्यवृत्ती पहिल्या चौकटीतील फीपेक्षा जास्त असेल, तर तेवढे एकदा तपासून घ्यावे. फी आणि आवश्यक पुस्तके यांच्यापलीकडे, म्हणजे राहण्याजेवणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करपात्र असते. मूळ विवरणपत्रात भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या अनुच्छेदाने मिळणारी प्रमाणित वजावट घेतली होती का, हेही त्याला विचारावे. ती राहिली असेल, तर ती दुरुस्ती खरोखर फायद्याची आहे आणि तिला मूळ विवरणपत्रापासून तीन वर्षांची मुदत असते.

आपले स्वतःचे साडेबारा हजार मात्र साताऱ्यातच अडकले आहेत. परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे उगमापाशी गोळा केलेला कर घेते. २०२४-२५ मध्ये शिक्षणासाठी बचतीतून पाठवलेल्या रकमेवर ७,००,००० रुपयांपर्यंत तो नव्हता आणि त्यावरील रकमेवर ५ टक्के होता. २,५०,००० वर ५ टक्के म्हणजे नेमके १२,५०० रुपये. बऱ्याच पालकांना हे बँकेचे शुल्क वाटते आणि ते विसरून जातात. हा आपल्या नावे आगाऊ जमा झालेला कर आहे. २६एएसमध्ये तो दिसतो का पाहावे आणि विवरणपत्रात घ्यायचा राहिला असेल, तर ३१ डिसेंबरपूर्वी सुधारित विवरणपत्रात टीसीएसच्या तक्त्यात भरावा. कर देय नसेल, तर ही रक्कम पूर्ण परत मिळते आणि तिला जुन्या-नव्या करप्रणालीचा प्रश्न येत नाही.

परदेशी विद्यापीठाच्या फीला आपल्याकडे कलम ८०सीची वजावट नाही. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले असते, तर त्याचे व्याज कलम ८०ईखाली, कोणत्याही कमाल मर्यादेशिवाय, आठ वर्षांपर्यंत वजा करता आले असते. त्यासाठी कर्ज वजावट मागणाऱ्याच्या नावावर असावे लागते आणि करप्रणाली जुनी लागते.

प्रश्न : २०२३-२४ सालच्या विवरणपत्रात मुलीच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाची ३०,००० रुपयांची फी दाखवायची राहिली. १४३ (१) ची सूचना ऑगस्ट २०२४ मध्येच आली. एक जण आयटीआर-यू भरा म्हणतो, दुसरा दुरुस्तीचा अर्ज करा म्हणतो. (एक वाचक, मिरज)

उत्तर : दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत विवरणपत्र, हे राहिलेले उत्पन्न दाखवून जादा कर भरण्यासाठी आहे. त्यातून कर कमी करता येत नाही आणि परतावा मागता किंवा वाढवता येत नाही. कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज विभागाकडील नोंदीत उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असतो, आणि जी वजावट आपण मागितलीच नाही, तिची चूक नोंदीत दिसणार कशी? सुधारित विवरणपत्राशिवाय नवी वजावट करनिर्धारण अधिकाऱ्याला मान्य करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये गोएट्झ (इंडिया) प्रकरणात म्हटले आहे. आपल्या वर्षाची ती मुदत वाढीव धरूनही १५ जानेवारी २०२५ रोजी संपली. कलम २६४ खाली आयुक्तांकडे फेरविचार मागण्याची एक वर्षाची मुदतही सूचनेच्या तारखेपासून मोजता उलटून गेली आहे.

उरतो तो कलम ११९ (२)(बी) खालचा विलंबमाफीचा अर्ज. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्र. ११ नुसार एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त करतात आणि अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत, म्हणजे आपल्या बाबतीत ३१ मार्च २०३० पर्यंत करता येतो. मंजुरी हा हक्क नाही; खरी अडचण काय होती, ते पटवून द्यावे लागते, आणि अशा परताव्यावर व्याज मिळत नाही. मूळ विवरणपत्र जुन्या प्रणालीत होते, दीड लाखात जागा शिल्लक होती आणि आपण २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, असे धरले तर प्रश्न ६,२४० रुपयांचा आहे. अर्ज स्वतः लिहिणार असाल, तर जरूर करावा. सल्लागाराला शुल्क देऊन करायचा असेल, तर आधी त्याचे शुल्क विचारावे. अर्जासोबत फीची पावती, बँकेचा उतारा, फॉर्म १६, मूळ विवरणपत्राची पोचपावती व सूचनेची प्रत जोडावी, आणि पावती तेव्हा का देता आली नाही, ते कारण तारखांसह लिहावे.